पहिल्या पानावरचा बिगूल काढ

चि. भाचीबाईंस,



तुझी पटकथा वाचली. पेन्सिल हातात घेऊनच वाचली, कारण तू ती 'छान आहे' असं ऐकायला पाठवलेली नाहीस हे मला ठाऊक आहे. माणूस तू उत्तम पकडला आहेस. खटावकडचा हवालदार, सुरुंगावर पाय पडून गुडघ्याखाली पाय गेलेला, पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नवा पाय बसवून घेऊन गावी परतलेला, आणि आता बँकेच्या दाराशी दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसणारा. असे फौजी आपल्याकडे तालुक्यातालुक्याला आहेत. आपण त्यांच्या समोरून पासबुक भरायला जातो आणि त्यांच्याकडे बघतही नाही.

पण पहिल्याच पानावर बिगूल वाजतो. तिसऱ्या पानावर स्लो मोशनमध्ये स्फोट होतो. शेवटी सव्वीस जानेवारी, सरपंचांचं भाषण, हवालदाराचा सॅल्यूट आणि मागे पदरानं डोळे पुसणारी बायको. हे सगळं काढ. राग मानू नकोस. का काढायचं ते सांगण्यासाठीच एवढं लांब पत्र लिहितोय.

कुठले युद्धपट बघू, असं तू विचारलं होतंस. एकही बघू नकोस. त्याऐवजी 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' बघ. १९४६ चा, विल्यम वायलरचा, जवळपास तीन तासांचा. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या तीन माणसांची गोष्ट आहे आणि त्यात एक गोळी सुटत नाही. फ्लॅशबॅक नाही. बॉम्बर विमानात बॉम्ब टाकायला बसणारा फ्रेड रात्री झोपेत ओरडतो, तेव्हाही आपल्याला फक्त त्याचा घामेजलेला चेहरा दिसतो, त्याला काय दिसतंय ते दाखवत नाहीत. युद्ध बघायला लोक तेव्हा चार वर्षं न्यूजरील बघत होतेच. घरी आल्यावर काय होतं, ते कुणी दाखवत नव्हतं.

सुरुवात बघ. फ्रेडला आपल्या गावी, बून सिटीला जायचंय. विमानतळावर कॅप्टनच्या वर्दीतल्या या माणसाला तिकीट मिळत नाही आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, गोल्फची पिशवी घेऊन आलेल्या गृहस्थाला मिळतं. भाषण नाही, भांडण नाही. पुढचं सगळं तिथेच कळतं. मग लष्करी विमानात त्याला दोघे भेटतात: होमर नावाचा खलाशी आणि अल नावाचा पायदळातला सार्जंट. होमरचे दोन्ही हात गेलेत. त्या जागी लोखंडी आकडे आहेत. त्या आकड्यांनी तो कागदावर सही करतो, काडी ओढतो, दुसऱ्याची सिगारेट पेटवून देतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, जमलं की याला.

मग तो घरी पोचतो. तुझ्या पटकथेत हवालदार घरी येतो तेव्हा ढोल आहे, ओवाळणी आहे, मारुतीच्या देवळाशी अख्खं गाव आहे. होमर टॅक्सीतून उतरतो तेव्हा धाकटी बहीण धावत येते, आईवडील येतात, शेजारची विल्मा येऊन त्याला मिठी मारते आणि तो हात खाली सोडून नुसता उभा राहतो. मिठी परत करत नाही. टॅक्सीतल्या दोस्तांचा निरोप घ्यायला तो मागे वळून आकडा वर करतो, आणि तो आकडा आईला दिसतो. तिच्या तोंडून एक हुंदका निसटतो आणि ती तो लगेच गिळते. बस, एवढंच. मी आयुष्यभर संकलकाची कात्री चालवून पोट भरलंय, तरी या प्रसंगातली एक फ्रेम कमी करायला माझा हात धजणार नाही. तू ढोल ठेवलेस तर ती आई कुणाला ऐकू जाणार?

आता तू म्हणशील, त्यांच्याकडे खरा हात नसलेला माणूस होता. होता. तो कसा आला, ते सांगतो. त्यात तुझ्यासाठी बरंच काही आहे.

हॅरल्ड रसेल नट नव्हता. नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका लष्करी तळावर तो प्रशिक्षक होता, आणि ६ जून १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, हाताळत असलेली स्फोटकं सदोष वातीमुळे त्याच्या हातातच फुटली. रणांगण त्यानं पाहिलंही नव्हतं. पुढे लष्करानं जखमी सैनिकांसाठी एक माहितीपट काढला, त्यात तो आकड्यांनी रोजची कामं करताना दिसतो. वायलरनं तो पाहिला. मूळ पुस्तकात होमरला मेंदूची इजा झालेली होती. अंगावर ताबा नसलेला, अडखळत चालणारा माणूस. पुस्तक मॅकिन्ले कँटर या युद्धवार्ताहरानं लिहिलेलं, तेही पद्यात! निर्माता सॅम्युअल गोल्डविननं पटकथेसाठी गोष्ट मागितली होती आणि हाती पडलं काव्य. असो. वायलर आणि पटकथाकार रॉबर्ट शेरवुड यांना कळून चुकलं की ते दुखणं नटानं केलं तर सोंग वाटेल. म्हणून त्यांनी माणूस पाहून दुखणं बदललं. लिहिलेल्या शब्दाला चिकटून बसले नाहीत.

गोल्डविननं हौसेनं रसेलला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं. वायलरला कळलं तसा तो भडकला आणि शिकवणी बंद झाली. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की खरा माजी सैनिक घेणार आहेस आणि नाटकवाल्या मित्राकडून त्याची 'महिनाभर कार्यशाळा' करवून घेणार आहेस. नको गं बाई. तो माणूस बूट कसा घालतो, जिना कुठल्या पायानं चढतो, बसमध्ये कुठली सीट धरतो, ते बघ आणि तेवढंच मागून घे. शिकवलंस की तो आपल्याच पायाचा अभिनय करायला लागेल.

चित्रपटात याचा कळस एका रात्रीच्या प्रसंगात आहे. विल्मा लग्नाचा विषय सोडत नाही, तेव्हा होमर तिला आपल्या खोलीत नेतो: मी झोपायला जातो म्हणजे काय होतं, ते एकदा बघ. तो खांद्यावरचे पट्टे अंगाला झटके देत उतरवतो. आकडे पलंगावर पडतात. आणि इतका वेळ जो माणूस काड्या ओढत होता, पियानो वाजवत होता, तो एका क्षणात तान्ह्या मुलासारखा परावलंबी होतो. वाऱ्यानं दार लागलं तर ते आपल्याला उघडता येणार नाही, असं तो तिला सांगतो. विल्मा काय करते? त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. खोलीत रडारड नाही. वायलर कॅमेरा हलवत नाही. तुझ्या हवालदाराचा पाय रात्री कुठे ठेवलेला असतो? पलंगाखाली, भिंतीला टेकून, की कपाटात, नातवंडांना दिसू नये म्हणून? चौऱ्याऐंशी पानांत हे नाही. स्फोटाला मात्र अडीच पानं आहेत.

रसेलला या एका भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाली. एक सहायक अभिनेत्याचं, आणि दुसरं, आपल्यासारख्या सैनिकांना उमेद दिल्याबद्दलचं खास. एकाच भूमिकेला दोन, असं पुन्हा कधी झालं नाही. वायलरनं त्याला सांगितलं की हात नसलेल्या नटाला कामं मिळत नाहीत, तू कॉलेजात परत जा. आणि तो गेला, पदवी घेतली, पुढे माजी सैनिकांच्या संघटनेचं काम केलं. १९९२ मध्ये त्यानं त्यातलं एक ऑस्कर लिलावात विकलं, साठ हजार डॉलरांच्या वर रक्कम आली. बायकोच्या औषधपाण्याचं कारण दिलं होतं. तेव्हा ऑस्करवाल्या अकादमीनं नाराजी दाखवली. मला त्या नाराजीचंच नवल वाटतं. तू ज्या माणसाला घेशील त्याचं मानधन आधी ठरव, लेखी दे, आणि सिनेमा पुढे कुठे विकला गेला तर त्याचा वाटा किती तेही लिही. 'काका, तुमची गोष्ट जगासमोर येईल' हे मानधन नव्हे.

आता वायलरविषयी. तो अल्सेसमधल्या म्यूलूझ गावात जन्मलेला ज्यू, तरुणपणी अमेरिकेला आलेला. गोल्डविन पोलंडहून आलेला. रसेल जन्मानं कॅनडाचा. अमेरिकेच्या घराघरातली म्हणून गाजलेली ही गोष्ट अशा बाहेरून आलेल्यांनी घडवली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. युद्ध सुरू झालं तेव्हा वायलर चाळिशीच्या आसपास होता, नावाजलेला होता, घरी बसला असता तर कुणी बोललं नसतं. त्यानं हवाई दलात भरती होऊन बॉम्बर विमानांत बसून जर्मनीवरच्या मोहिमांचं चित्रण केलं. 'मेंफिस बेल' हा माहितीपट त्यातूनच आला. त्याचा एक सहकारी असाच विमानातून चित्रीकरणाला गेला आणि परतला नाही. फौजांमागून वायलर म्यूलूझला पोचला तेव्हा गावातले ज्यू जवळजवळ उरलेच नव्हते. आणि १९४५ मध्ये इटलीवर उडताना विमानाच्या आवाजानं त्याचा एक कान कायमचा गेला. नंतर सेटवर तो ध्वनियंत्राला जोडलेले हेडफोन लावून कॅमेऱ्याखाली बसायचा, नाहीतर नटांचं बोलणं त्याला ऐकू येत नसे. सिनेमातल्या त्या तिघा सैनिकांबरोबर वायलर हा चौथा माजी सैनिक होता. तो फक्त पडद्यावर दिसत नाही.

अलच्या घरवापसीचा प्रसंग बघ: दार उघडणाऱ्या पोरांच्या तोंडावर तो हात ठेवतो, आतून बायको विचारते कोण आलंय, आणि मग तिचा आवाज थांबतो, लांब बोळाच्या दोन टोकांना दोघं. हे वायलरनं स्वतःच्या आणि पत्नीच्या भेटीवरून घेतलं, असं सांगतात. औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक होमरला सुनावतं की तुम्ही भलत्याच लोकांशी लढलात, तेव्हा काउंटरमागचा फ्रेड त्याला ठोसा लगावतो आणि नोकरी गमावतो. वायलरनं वर्दीत असताना वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलच्या दारवानाला ज्यूंना शिवी दिल्याबद्दल असाच ठोसा मारला होता आणि त्याबद्दल लष्कराचा ठपका ओढवून घेतला होता.

असा स्वतःचा अनुभव तुझ्याकडे नाही. तू लष्करात नव्हतीस, आपल्या घरात कुणी नव्हतं. त्याची लाज नको, पण त्याची भरपाई बिगुलानंही होणार नाही. ज्यांना अनुभव नसतो ते आवाज वाढवतात. तुला करता येण्यासारखं एकच: तिथे जाऊन राहणं. प्रश्नांची यादी घेऊन नाही. पेन्शनच्या दिवशी बँकेत बस. सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्याबरोबर फॉर्म भरायला जा. कॅन्टीनच्या रांगेत उभी राहा आणि तिथे माणसं कशाबद्दल बोलतात ते ऐक. लढाईबद्दल नसतात बोलत, हे मी पैजेवर सांगतो.

बोलतात पैशाबद्दल. या सिनेमाची खरी ताकद तिथेच आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. फ्रेड हवाई दलात कॅप्टन होता, छातीवर पदकं. गावी परतल्यावर त्याच जुन्या औषधाच्या दुकानात, सोडा विकायच्या काउंटरवर, आठवड्याला साडेबत्तीस डॉलर. त्याची बायको त्याला बाहेर जाताना वर्दीच घालायला लावते. साध्या सुटात तो तिला आवडत नाही. अल बँकेत परततो, बढती मिळते, कर्ज देण्याचं खातं मिळतं. नौदलाच्या बांधकाम तुकडीतला एक माणूस शेतीसाठी कर्ज मागायला येतो, तारण काही नाही. अल तरीही कर्ज मंजूर करतो. वरिष्ठ कपाळाला आठ्या घालतात. अमेरिकेतल्या १९४४ च्या कायद्यानं सैनिकांना कर्जाची हमी दिली होती, पण हमी असूनही बँकेच्या टेबलाशी काय होतं, ते इथे दिसतं. तुझा नायक बँकेच्या दारातच बसतो, पोरी! त्यानं स्वतः ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितलं तर आतला मॅनेजर काय म्हणेल? तुझा सिनेमा दारातल्या स्टुलाच्या आणि त्या मॅनेजरच्या टेबलाच्या मधे आहे. सीमेवर नाही.

बायकोबद्दल. तुझ्या पटकथेत ती चहा आणते, आणि डोळे पुसते. मिली बघ, अलची बायको. मेजवानीत अल प्यायला लागतो, तेव्हा मिली टेबलक्लॉथवर काट्यानं रेघा ओढते, प्रत्येक प्याल्याला एक. टोकत नाही, हसतमुख बसते, रेघ ओढते. सिनेमा संपतो तरी त्याचं पिणं सुटलेलं नसतं, आणि सुटेल असं वचनही कुणी देत नाही. हवालदार सीमेवर होता तेव्हा जमिनीचा सात-बारा कुणी सांभाळला, दिरांशी कोण भांडलं, पंपाचं बिल कुणी भरलं? तो परत आल्यावर ते सगळं तिच्या हातून काढून घेतलं का? हे लिहिलंस की तिला रडायला वेळच मिळणार नाही.

तंत्राचं थोडक्यात. छायालेखक ग्रेग टोलंड, 'सिटिझन केन'वाला. पुढचं आणि मागचं एकाच वेळी स्वच्छ दिसेल असं तो चित्रित करायचा. बारमध्ये होमर पियानोवर आकड्यांनी सूर वाजवतोय, अल शेजारी उभा राहून कौतुकानं ऐकतोय, आणि लांब मागे, टेलिफोनच्या खोक्यात, फ्रेड अलच्या मुलीशी संबंध तोडतोय. आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत. अल वळून वळून बघतो. आंद्रे बाझँनं या प्रसंगावर लिहिलंय ते शोधून वाच. तू मात्र प्रत्येक संवादाला 'कट टू क्लोजअप' लिहिलं आहेस. संकलकावर एवढी दया नको. कपड्यांचंही तसंच: वायलरनं नटांना साध्या दुकानांतून कपडे घ्यायला लावले आणि चित्रीकरणाआधी ते घरी वापरायला लावले. तुझ्या हवालदाराचा सदरा इस्त्रीचा असणारच, फौजी आहे. पण कॉलर उसवलेली हवी.

आणि ज्याला वगळता येणार नाही असा स्फोटाचा क्षण तुला हवाच असेल, तर तोही कसा करायचा हे इथे आहे. नोकरी गेलेला, बायको सोडून गेलेला फ्रेड गाव सोडायला निघतो आणि मोडीत काढलेल्या विमानांच्या मैदानात शिरतो. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ इथे खरोखरच असं मैदान होतं. रांगाच्या रांगा, इंजिनं काढून घेतलेली. तो एका बॉम्बरच्या नाकात, आपल्या जुन्या जागेवर, धुळीत जाऊन बसतो. कॅमेरा रिकाम्या इंजिनांच्या समोरून सरकतो आणि ह्यूगो फ्रीडहोफरचं संगीत इंजिनं एकेक सुरू झाल्यासारखं चढत जातं. विमान जागचं हलत नाही. घाम मात्र फुटतो, त्यालाही आणि आपल्यालाही. मग खालून मुकादम ओरडतो. या पत्र्यांची घरं बांधणार आहोत, म्हणतो. फ्रेड त्याच्याकडे काम मागतो. झालं.

सगळंच सोनं आहे असं समजू नकोस. त्या युद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक होते. ते परत आले तेव्हा त्याच १९४४ च्या कायद्याचे फायदे त्यांना दक्षिणेत सहजी मिळू दिले गेले नाहीत, आणि या सिनेमात त्यांच्यापैकी कुणाचीच गोष्ट नाही. शेवटचं होमरचं लग्न आणि फ्रेडचं अलच्या मुलीशी जुळणं मला जरा घाईचं वाटतं. तेव्हाच्या काही समीक्षकांनीही म्हटलं होतं की प्रश्न पैशाचा आणि सत्तेचा उभा केला आणि उत्तर प्रेमात शोधलं. खरं आहे. पण त्या लग्नातही फ्रेड तिला सांगतो ते एवढंच की वर्षं लागतील, पैसे नाहीत, धड घर नाही, धक्के खावे लागतील. सातेक ऑस्कर मिळालेल्या सिनेमाचा नायक असा शेवट करतो! वर्षभरातच हॉलीवूडमध्ये कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा वायलर रेडिओवर जाहीरपणे म्हणाला की आज मला हा सिनेमा काढू दिला नसता. बँकवाल्यांना सुनावणारं अलचं मेजवानीतलं भाषणसुद्धा संशयास्पद ठरायचे दिवस आले होते.

तर मग करायचं काय? स्फोट काढ. सरपंच काढ, ठेवायचाच तर भाषण न करता बँकेत कर्जमाफीची चौकशी करायला येऊ दे. घरातली तीन दृश्यं नवी लिही: रात्र, सकाळ आणि पेन्शनचा दिवस. संवाद निम्मे कर. सव्वीस जानेवारी ठेवलीस तरी चालेल, पण हवालदाराला त्या दिवशी बँकेत ड्युटीवर बसव. बँक बंद असली तरी पहारा असतोच. नवा खर्डा गणपतीच्या आधी पाठव, म्हणजे निवांत वाचता येईल. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. : जॉन ह्यूस्टननंही त्याच सुमारास लष्करासाठी 'लेट देअर बी लाइट' नावाचा माहितीपट केला होता, मनाला जखम झालेल्या खऱ्या सैनिकांवर, खऱ्या इस्पितळात. लष्करानं तो तीन दशकांहून जास्त काळ डब्यात बंद ठेवला. आता बघायला मिळतो. तासाभराचा आहे. तो बघून झाल्यावर तुझ्या हवालदाराला रात्री झोप लागते का, ते एकदा त्याच्या बायकोला विचारून ये. पटकथेत त्याबद्दल एक ओळ नाही.